‘द आयर्न जायंट’ : पडलेला चित्रपट, की न पाहिलेला? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीपाळखीत कुणालाही ‘द आयर्न जायंट’ सुचवला की ठरलेले प्रश्न येतात. पहिला : इतका चांगला आहे, तर आम्ही नाव कसं ऐकलं नाही? दुसरा : मोठी माणसं कार्टून बघून रडतात म्हणे, खरं का? तिसरा, जरा आडून : तुम्ही सांगताय म्हणून बघतो, पण मुलांना कंटाळा नाही ना येणार? दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. ज्या उत्तरांत शेवट फोडला आहे तिथे आधीच तसं सांगितलं आहे.

हा नेमका कोणता चित्रपट? ‘आयर्न मॅन’शी याचा काही संबंध?

गोष्टीचा नाही, नावाचा आहे. ब्रिटिश कवी टेड ह्यूज यांनी १९६८ साली मुलांसाठी ‘द आयर्न मॅन’ नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. अमेरिकेत त्या नावाचा कॉमिक्समधला नायक आधीच प्रसिद्ध होता, म्हणून तिथे पुस्तक ‘द आयर्न जायंट’ झालं आणि चित्रपटानेही तेच नाव घेतलं.

दिग्दर्शक ब्रॅड बर्ड, निर्मिती वॉर्नर ब्रदर्सची, अमेरिकेत प्रदर्शन ६ ऑगस्ट १९९९. काळ १९५७चा, शीतयुद्धाचा; सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक उपग्रह आकाशात गेला ते दिवस. मेन राज्यातल्या रॉकवेल नावाच्या काल्पनिक गावाजवळ समुद्रात एक अवाढव्य यंत्रमानव कोसळतो. तो लोखंड खातो, त्याला आपण कोण ते आठवत नाही आणि त्याची गाठ पडते हॉगार्थ नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाशी. हॉगार्थची आई हॉटेलात वाढपिणीचं काम करते, वडील नाहीत. मुलगा जायंटला लपवतो, भंगारवाला डीन त्याला साथ देतो, आणि सरकारी तपासनीस केंट मॅन्सली वास काढत गावात येतो. गोष्ट एवढीच. दीड तासाच्या आत संपते.

समीक्षकांना त्यात इतकं काय आवडलं?

आज रॉटन टोमॅटोज या परीक्षणं एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावर या चित्रपटाचा आकडा ९६ टक्क्यांच्या आसपास दिसतो. हा आकडा गुणांचा नसतो. शंभरातल्या किती समीक्षकांनी कौल बाजूने दिला, एवढंच तो सांगतो. शिवाय ते संकेतस्थळ १९९८ साली सुरू झालं होतं, म्हणजे चित्रपट आला तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. त्यातली बरीच परीक्षणं नंतरची आहेत, चित्रपटाची कीर्ती झाल्यावर लिहिलेली. तेव्हा आकड्यापेक्षा १९९९ साली लोकांनी काय लिहिलं ते महत्त्वाचं.

आणि तेव्हाही कौतुकच झालं होतं. अमेरिकी समीक्षक रॉजर एबर्टने चारपैकी साडेतीन तारे दिले आणि ‘ई. टी.’ या परग्रहवासीयाच्या चित्रपटाची आठवण काढली. त्या काळच्या परीक्षणांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात.

पहिली म्हणजे यात काय नाही ते. नव्वदच्या दशकातला अमेरिकी ॲनिमेशनपट म्हटला की पाच-सहा गाणी, बोलका प्राणी, नायकाचा विनोदी जोडीदार आणि शेवटी लग्न हे ठरलेलं. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या डिस्नेच्या ‘टारझन’ला फिल कॉलिन्सची गाणी होती. जायंटमध्ये कुणी गात नाही. एकही प्राणी बोलत नाही. एक हरीण आहे, त्याबद्दल पुढे. सवयीचा मसाला काढून टाकूनही पदार्थ उभा राहतो, याचंच अनेकांना अप्रूप वाटलं.

दुसरी म्हणजे कारागिरी. माणसं, गाव, जंगल सगळं हाताने काढलेलं आणि जायंट मात्र संगणकावर घडवलेला. ही दोन जगं एका चौकटीत ठेवली की बहुतेक वेळा ठिगळ दिसतं. इथे त्यांनी युक्ती केली. संगणकाची रेघ फार सरळ, फार स्वच्छ येते. तेव्हा खास आज्ञावली लिहून ती रेघ मुद्दाम किंचित थरथरती केली, हाताने काढल्यासारखी. जायंटचं मूळ रूप आरेखनकार जो जॉन्स्टन यांनी आखलं. गावाच्या चित्रांवर नॉर्मन रॉकवेल आणि एडवर्ड हॉपर या अमेरिकी चित्रकारांची छाया आहे, गावाचं नाव तर सरळच पहिल्यावरून आलं आहे. शरदातली ती पिवळी-तांबडी झाडं आणि संध्याकाळचे दिव्यांचे चौकोन बघताना कथा क्षणभर विसरायला होतं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. विनोद आणि भीती एकाच दृश्यात. जायंटचा तुटलेला हात एकटाच घरात शिरतो, कुत्र्यासारखा हुंगत फिरतो, आणि इकडे जेवणाच्या टेबलावर आई डोळे मिटून बसलेली असताना हॉगार्थ देवाची प्रार्थना लांबवत लांबवत त्या हाताला बाहेर हाकलतो. हे दृश्य बघून न हसलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. आणि तरी आपल्या पोटात गोळा असतो, कारण हात अजून घरातच असताना केंट, म्हणजे सरकारी माणूस, दारात येऊन उभा राहतो.

मग चालला का नाही? आकडे काय सांगतात?

पहिल्या शनिवार-रविवारी अमेरिकेत सुमारे ५७ लाख डॉलर, क्रमांक नववा. अमेरिकेतली एकूण कमाई सुमारे २ कोटी ३२ लाख डॉलर, जगभरची सगळी धरून ३ कोटी १३ लाखांच्या घरात. खर्च याहून कितीतरी जास्त झाला होता. ‘टारझन’ने एकट्या अमेरिकेत १७ कोटींच्या वर गल्ला जमवला होता, म्हणजे त्या उन्हाळ्यात लोक मुलांना घेऊन चित्रपटगृहात जातच नव्हते असं मुळीच नाही.

ज्या शुक्रवारी जायंट आला त्याच शुक्रवारी ‘द सिक्स्थ सेन्स’ आला आणि पहिल्या तीन दिवसांत २ कोटी ६७ लाख डॉलर घेऊन गेला. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या भयपटाची हवा आधीपासून होतीच. जायंट आणि ‘सिक्स्थ सेन्स’ यांचा योगही जरा गमतीचा : आठ-नऊ वर्षांच्या एका एकट्या पोराला मोठ्यांना न दिसणारं काहीतरी दिसतं, अशा दोन गोष्टी एकाच दिवशी पडद्यावर आल्या. लोकांनी एकच निवडली.

सगळा दोष जाहिरातीचा, असं म्हणतात. पटतं का?

बरंचसं पटतं. सगळं नाही.

आधी पटणारा भाग. १९९८च्या मे महिन्यात वॉर्नरचा ‘क्वेस्ट फॉर कॅमेलॉट’ हा ॲनिमेशनपट आपटला होता. दुधाने तोंड पोळल्यावर कंपनी ताकही फुंकून प्यायला लागली. ॲनिमेशन विभागावरचा विश्वास उडाला आणि जायंटच्या मंडळींना तुलनेने कमी पैसा आणि कमी वेळ मिळाला. त्याचा एक फायदा असा झाला की वरच्या साहेबांनी फारसं नाक खुपसलं नाही. गाणी घाला, कुत्रा बोलका करा, असं सांगायला कुणी आलं नाही. जे समीक्षकांना आवडलं ते या दुर्लक्षातूनच आलं. पण त्याच दुर्लक्षाने पुढे घात केला.

प्रदर्शनाआधीच्या चाचणी-खेळांत प्रेक्षकांनी जे गुण दिले ते वॉर्नरच्या मागच्या १५ वर्षांतले सर्वांत जास्त होते. तेव्हा कुठे कंपनीला जाग आली. पण मुलांच्या चित्रपटाची जाहिरात म्हणजे नुसते फलक नव्हेत. खेळणी, बर्गरच्या दुकानांतल्या भेटवस्तू, शाळेचे डबे, या सगळ्याची बोलणी वर्षभर आधी करावी लागतात. इथे हातात जेमतेम चार महिने. बहुतेक लोकांनी पाहिलं ते एकच भित्तिचित्र. थोडक्यात, वरातीमागून घोडं.

आता न पटणारा भाग. समजा, जाहिरात दणकून झाली असती. तरी प्रश्न उरतोच की हा चित्रपट कुणाला विकायचा? पाच वर्षांच्या मुलाला अणुबॉम्बची भीती कशी समजावणार? चौदा वर्षांचा मुलगा १९९९ साली ‘कार्टून’ बघायला मित्रांसमोर कबूल होणार का? आणि आईवडिलांच्या मनात ‘मुलांसाठी’ म्हणजे ‘आपल्यासाठी नाही’ हे समीकरण घट्ट. चित्रपट तिन्ही वयांचा आहे, पण तिकीट काढणाऱ्याला आधी ते कळायला मार्ग नव्हता. फलकावर एक मोठा रोबो पाहून त्याने ठरवायचं. मारामारी बघायची असेल त्याला इथे मारामारी न करणारा रोबो मिळणार होता, आणि ज्याला मारामारी नको तो मुळात फिरकणारच नव्हता.

म्हणून ‘मूर्ख कंपनी आणि गुणी दिग्दर्शक’ ही गोष्ट ऐकायला छान वाटली तरी मला ती जरा सोयीची वाटते.

जे लोक तेव्हा गेले, त्यांना आवडला का?

हो. हाच या चित्रपटाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. प्रेक्षकांनी नाकारला, असं म्हणण्यासाठी आधी त्यांनी पाहायला हवा. चाचणी-खेळांचे गुण वर सांगितलेच. पाहिलेल्यांची नाराजी फारशी कुठे दिसत नाही, फक्त पाहिलेल्यांची संख्याच तोकडी होती. गल्ल्याचा आकडा ‘किती जण आले’ एवढं सांगतो. ‘आलेल्यांना काय वाटलं’ ते सांगायला त्याला तोंड नाही, पण आपण दोन्हींची सरमिसळ करतो. ‘पडला’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरतो आणि गोंधळ तिथेच होतो.

टीका कुणीच केली नाही का?

केली ना. आजच्या आरत्यांत ती ऐकू येत नाही इतकंच.

खलनायक एकसुरी आहे, हा नेहमीचा आक्षेप. केंट मॅन्सली पहिल्या दृश्यापासून हास्यास्पद, शेवटच्या दृश्यापर्यंत भेकड. मला हा आक्षेप अर्धाच मान्य आहे. गावात आल्यावर तो हॉगार्थच्याच घरी भाडेकरू म्हणून राहायला येतो. सकाळी उठल्यावर पोराच्या शेजारी बसून गोड बोलतो. घरात शिरलेला, हसतमुख, सतत प्रश्न विचारणारा हा माणूस मुलांच्या डोळ्यांनी पाहिला तर भलताच भीतिदायक आहे. पण चढत्या नाट्यात त्याचं व्यंगचित्र होतं, हे खरं. उलट लष्करातला जनरल रोगार्ड शहाणा दाखवलाय, पुरावा मागतो, चूक कळल्यावर थांबतो. ‘लष्कराविरुद्धचा चित्रपट’ असा शिक्का मारणाऱ्यांनी हा जनरल नीट पाहिलेला नसतो.

दुसरा आक्षेप उपदेशाचा. चित्रपटाचं बंदुकीविरुद्धचं म्हणणं फार ठळक आहे, असं काहींना वाटलं. ते ठळक आहेच. कंपनीपुढे कल्पना मांडताना बर्ड यांनी एकच प्रश्न ठेवला होता : एखाद्या बंदुकीला आत्मा असता आणि तिला बंदूक व्हायचंच नसतं तर? त्यांची बहीण सुझन बंदुकीच्या गोळीने, नवऱ्याच्या हातून मारली गेली होती. हे कळल्यावर आक्षेप खोटा ठरत नाही, पण तो ठळकपणा कुठून आला ते समजतं.

तिसरा, ‘ई. टी.’ची नक्कल. एकटा मुलगा, परग्रहावरचा मित्र, मागावर सरकार. सांगाडा तोच, हे नाकारण्यात अर्थ नाही. फरक जायंटच्या पोटात आहे. ई. टी. निरुपद्रवी होता, हा शस्त्र म्हणूनच बनवलेला आहे. धोका आहे ही मोठ्यांची भीती इथे चुकीची नाही. त्यामुळे मुलाची बाजू घेताना आपल्यालाही थोडं बिचकायला होतं.

आणखी एक बारकी तक्रार : १९५७चे संदर्भ मुलांच्या डोक्यावरून जातात. वर्गात दाखवतात तो बॉम्ब पडल्यावर बाकाखाली लपायला शिकवणारा माहितीपट, भंगारात शिल्पं करणारा कॉफीबाज डीन, या गमती मोठ्यांच्याच. पण डीनने दिलेली कडक कॉफी पिऊन हॉगार्थ श्वास न घेता बडबडत सुटतो, त्याला कुठल्या संदर्भाची गरज लागत नाही.

मूळ पुस्तक वाचलेल्यांना काय वाटलं?

पुस्तक वेगळंच आहे. तिथे इंग्लंडचा ग्रामीण भाग, शेतकऱ्याचा मुलगा, आणि उत्तरार्धात अंतराळातून येऊन ऑस्ट्रेलियावर बसणारा एक महाकाय वटवाघूळ-देवदूत-ड्रॅगन. लोहमानव त्याच्याशी उष्णता सोसण्याची पैज लावतो, आपण भट्टीत आणि ड्रॅगन सूर्यावर. शीतयुद्ध, अमेरिका, बंदूक, सुपरमॅन यांतलं काही पुस्तकात नाही. ब्रिटनमध्ये पुस्तकावर वाढलेल्यांपैकी काहींना म्हणूनच चित्रपट परका वाटतो, आणि ते स्वाभाविक आहे. आपल्या लहानपणीचं पुस्तक कुणी उचलून दुसऱ्या देशात नेऊन ठेवलं तर आपणही कुरकुरलोच असतो.

खुद्द ह्यूज यांना पटकथा आवडली होती. चित्रपट मात्र त्यांना पाहता आला नाही, २८ ऑक्टोबर १९९८ रोजी ते गेले. हॉगार्थचं आडनाव ह्यूज ठेवलंय, ते त्यांच्यावरूनच. मधल्या काळात ‘द हू’ या बँडचे पीट टाउनशेंड यांनी पुस्तकावर १९८९ साली एक संगीत-अल्बम केला होता. चित्रपटाचा धागा तिथूनच पुढे आला, पण अल्बममधलं एकही गाणं चित्रपटात उरलं नाही.

ऑस्कर मिळालं का?

नाही, आणि मिळण्याची वाटही जवळजवळ बंद होती. सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा ऑस्कर तेव्हा अस्तित्वातच नव्हता. तो पहिल्यांदा २००१च्या चित्रपटांसाठी दिला गेला, ‘श्रेक’ला. जायंट दोन वर्षं आधी आला.

ॲनिमेशन क्षेत्राचे स्वतःचे ॲनी पुरस्कार मात्र त्याने नऊ नेले. लॉस एंजेलिसच्या समीक्षक संघटनेने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपट ठरवलं. विज्ञानकथा वाचकांच्या ह्यूगो पुरस्कारासाठी नामांकन मिळालं, त्या यादीत ‘द मेट्रिक्स’ही होता आणि दोघांनाही हरवून ‘गॅलक्सी क्वेस्ट’ जिंकला. बर्ड यांनी पुढे पिक्सार या ॲनिमेशन कंपनीत जाऊन ‘द इन्क्रेडिबल्स’ आणि ‘रॅटाटुई’ केले आणि दोन्हींना ऑस्कर मिळालं.

मग आता सगळ्यांना हा चित्रपट माहीत कसा?

घरच्या पडद्यामुळे. थिएटरमधून उतरल्यावर काही महिन्यांतच तो व्हिडिओ कॅसेट आणि डीव्हीडीवर आला. नंतर अमेरिकेत कार्टून नेटवर्कने सुटीच्या दिवशी तो सलग चोवीस तास, एकामागून एक दाखवायची प्रथा पाडली. सणाला घरी जमलेली पोरं, मागे टीव्ही चालू, कुठूनही मधूनच बघायला लागा. अशा पाहण्यातून चित्रपट अंगवळणी पडतो. ‘चुपके चुपके’ किंवा ‘अशी ही बनवाबनवी’ आपल्याला पाठ आहेत ते काय चित्रपटगृहात पाहून?

यातून जी पिढी मोठी झाली तिने पुढे लिहायला, बोलायला, याद्या करायला सुरुवात केली. आज दिसणारं प्रेम मुख्यतः या पिढीचं आहे. म्हणूनच त्यात बालपणाची ओढही मिसळलेली आहे, हे ध्यानात ठेवून ते वाचावं. पस्तिशीतला माणूस ‘जगातला सर्वोत्तम चित्रपट’ म्हणतो तेव्हा तो थोडंफार स्वतःच्या शाळेच्या सुटीबद्दलही बोलत असतो.

मोठी माणसं खरंच रडतात? कुठे? (शेवट फोडला आहे)

रडतात. जागा जवळजवळ सगळ्यांची एकच.

केंटच्या भेकडपणामुळे पाणबुडीतून अण्वस्त्र सुटतं. ते जायंटवर रोखलेलं, आणि जायंट उभा आहे गावाच्या मधोमध. म्हणजे गाव संपलं. आधी कधीतरी हॉगार्थने त्याला कॉमिक्स दाखवताना सांगितलेलं असतं की तू तो दुष्ट रोबो नाहीस, तू सुपरमॅनसारखा आहेस, आणि तुला जे व्हायचं ते तू होशील. जायंट पोराला म्हणतो, तू इथेच थांब, मागे येऊ नकोस. हे वाक्य आधी हॉगार्थने त्याला म्हटलेलं असतं. मग तो वर उडतो, क्षेपणास्त्राच्या दिशेने. डोळे मिटतो, आणि एकच शब्द पुटपुटतो : सुपरमॅन.

जायंटचा आवाज अभिनेता विन डीझेलचा आहे. साऱ्या चित्रपटात त्याच्या वाट्याला मोजकेच तुटक शब्द येतात, त्यामुळे त्या एका शब्दाला वजन येतं. मायकेल केमेनचं संगीत, प्रागमध्ये चेक फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलेलं, त्या क्षणी बऱ्यापैकी संयम राखतं. लोक रडतात ते मरणासाठी नसावेत असं मला वाटतं. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा समाधान असतं, आणि ते सहन होत नाही.

पण मग शेवटी तो परत येतो. त्यामुळे त्यागाची किंमत कमी होत नाही का? (यातही शेवट आहे)

चाहत्यांत हा वाद जुना आहे. स्फोटानंतर काही महिन्यांनी हॉगार्थकडे एक स्क्रू येतो, तो आपोआप सरकत खिडकीबाहेर जातो, आणि आइसलँडच्या हिमनदीवर जायंटचे विखुरलेले तुकडे एकत्र येताना दिसतात. एका बाजूचं म्हणणं : ही तडजोड आहे, मुलांना रडत घरी पाठवायचं धाडस झालं नाही. दुसरी बाजू : हे तुकडे एकमेकांना शोधतात हे चित्रपटाने सुरुवातीपासून दाखवलं होतं, तो घरभर फिरणारा हात आठवा. म्हणजे शेवट आयत्या वेळी चिकटवलेला नाही.

मी दुसऱ्या बाजूचा. जायंटला उडताना आपण परत येणार हे ठाऊक नसतं, तेव्हा त्याग त्यागच राहतो. हां, ते शेवटचं हसू अर्ध्या सेकंदाने कमी केलं असतं तर बरं झालं असतं, हे मात्र मी मान्य करतो.

२०१५ची ‘सिग्नेचर’ आवृत्ती बघावी की मूळ?

२०१५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत काही खेळांसाठी चित्रपट पुन्हा पडद्यावर आला, तेव्हा पैशाअभावी राहून गेलेली दोन छोटी दृश्यं नव्याने पूर्ण करून घातली. एकात डीन आणि हॉगार्थची आई यांचं हॉटेलातलं बोलणं. दुसऱ्यात झोपलेल्या जायंटला पडणारं स्वप्न, त्याच्यासारख्याच असंख्य यंत्रांचं सैन्य. दुसऱ्या दृश्यावर मतं विभागली. तो कुठून आला याचा धागा मिळतो म्हणून काहींना आवडलं, तर गूढ होतं तेच छान होतं असं काहींचं म्हणणं. पहिल्यांदा बघत असाल तर मूळ बघा. फरक काही मिनिटांचाच आहे, जी मिळेल तीही चालेल.

‘रेडी प्लेयर वन’मध्ये तो दिसला तेव्हा लोक का चिडले?

संगणकी खेळाच्या आभासी जगात घडणाऱ्या २०१८च्या त्या चित्रपटात जायंटला चक्क लढाईत उतरवलं आहे. काही प्रेक्षक त्याला पडद्यावर बघूनच खूश झाले. पण जुन्या चाहत्यांतला मोठा गट भडकला : ज्याची सगळी गोष्टच ‘मी बंदूक नाही’ अशी, त्यालाच तुम्ही बंदूक केलंत? बचाव करणारे म्हणाले, तो खरा जायंट नाही, खेळातली बाहुली आहे, कुणीतरी चालवतंय. तर्काने ते बरोबर आहे. तरी मला चिडलेल्यांचं जास्त पटतं. एखाद्या गांधीवाद्याचा पुतळा भाला म्हणून फेकला तर ‘पुतळाच होता ना’ असं म्हणून भागत नाही. आणि एक बघा, १९९९ साली पहिल्या शनिवार-रविवारी ज्याच्यासाठी ५७ लाख डॉलरही कष्टाने जमले, त्याच्या अब्रूसाठी १९ वर्षांनी लोक भांडत होते.

याचा दुसरा भाग आला का?

नाही. नसलेलाच बरा.

किती वर्षांच्या मुलांना दाखवावा?

अमेरिकेत त्याला ‘पालकांच्या मार्गदर्शनाने’ असं प्रमाणपत्र होतं. माझ्या मते सात-आठच्या पुढे सहज. त्याआधी दाखवायचा तर शेजारी बसून. मुलं घाबरतात ती जायंट रागावून शस्त्रं बाहेर काढतो तेव्हा, आणि गप्प होतात हरणाच्या दृश्यात. जंगलात हॉगार्थ आणि जायंटला एक हरीण दिसतं, ते कुतूहलाने जवळ येतं, मग पळून जातं, आणि थोड्या वेळाने गोळीचा आवाज. शिकारी मृत हरणापाशी असतात. जायंट त्या हरणाला बोटाने हलवून उठवायला बघतो. मरण म्हणजे काय, हे हॉगार्थ त्याला त्या रात्री सांगतो, आणि वाईट काही न करताही सगळे मरतात हे सांगताना त्याची त्रेधा उडते. ते संभाषण तुमच्या घरातही होणार, तयारी ठेवा. पोट धरून हसायलाही भरपूर आहे. केंटच्या मिल्कशेकमध्ये हॉगार्थ जुलाबाची चॉकलेट घालतो, तो प्रसंग आमच्याकडे तीनदा मागे नेऊन पाहावा लागला.

भाच्याला दाखवला तेव्हा तो सहा वर्षांचा होता, म्हणजे माझाच नियम मी मोडला. हरणापाशी तो काही बोलला नाही. शेवटी रडलाही नाही, रडलो मी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या सायकलचा एक नट सुटून पडला होता. तो त्याने लावू दिला नाही. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, आणि खिडकी उघडी ठेवा म्हणाला.